सप्टेंबरपासून मागे मोजा: अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी परीक्षा आणि शिफारसपत्रांचं वेळापत्रक

ऑगस्ट लागला की मला इंटर्न मुलामुलींचे मेसेज येऊ लागतात. "ताई, स्टेप टू सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिली तर चालेल का?" "लेटर दोनच आहेत, तिसरं मिळेल असं वाटतंय, थांबू की अर्ज पाठवू?" (स्टेप म्हणजे अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेचे टप्पे, लेटर म्हणजे शिफारसपत्र.) मुलं हुशार असतात, अभ्यासही झालेला असतो. पण हे प्रश्न त्यांना आठ-दहा महिने आधी पडायला हवे होते. मी महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं आणि अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण, केलं. त्या वाटेवर माझं जे नुकसान झालं ते अभ्यास कमी पडल्यामुळे झालं नाही, तारखा चुकल्यामुळे झालं. म्हणून हा लेख फक्त तारखांबद्दल आहे. काय वाचायचं, कुठली प्रश्नपेढी घ्यायची, हे सांगणारे पुष्कळ आहेत.

आधी शेवट पाहा

रेसिडेन्सी साधारण १ जुलैला सुरू होते. त्या आधीच्या मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी 'मॅच डे' असतो, म्हणजे कोणता उमेदवार कोणत्या प्रोग्रामला हे जाहीर होण्याचा दिवस. त्याच आठवड्याच्या सोमवारी जागा मिळाली की नाही एवढं कळतं आणि शुक्रवारी कुठे मिळाली ते कळतं. मार्चच्या सुरुवातीला आपली पसंतीची यादी नक्की करायची असते. इंटरव्ह्यू ऑक्टोबर ते जानेवारी चालतात. आणि या सगळ्याचा उगम आहे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला एक ठराविक दिवस. त्या दिवशी सकाळी देशभरातल्या रुग्णालयांच्या रेसिडेन्सी प्रोग्रामना 'इरास' या अर्जप्रणालीतले अर्ज एकदम उघडता येतात. २०२५ मध्ये हा दिवस २४ सप्टेंबर होता, त्याआधीच्या वर्षी २५ सप्टेंबर. (स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राचे अर्ज आता इरासमधून जात नाहीत, त्यांची 'रेसिडेन्सीकॅस' ही वेगळी प्रणाली आहे. त्या शाखेत जायचं असेल तर तिथलं वेळापत्रक स्वतंत्रपणे पाहा.)

नियमाप्रमाणे अर्ज नंतरही करता येतो. पण एकेका प्रोग्रामकडे हजारो अर्ज आलेले असतात. पहिल्या काही दिवसांत ते चाळण्या लावतात आणि इंटरव्ह्यूच्या बऱ्याच जागा त्यातच भरतात. आपण परदेशी पदवीधर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'आयएमजी'. आपल्यासाठी तो पहिला दिवस हाच खरा शेवटचा दिवस मानावा. त्या दिवशी सकाळी तुमच्या अर्जात स्टेप वनचा पास निकाल, स्टेप टूचा स्कोर आणि निदान तीन पत्रं दिसली पाहिजेत. या दिवसापासून मागे मोजत या.

स्टेप वन: आता आकडा नाही, पण हलक्यात घेऊ नका

२६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला गुण मिळत नाहीत, फक्त पास किंवा नापास. त्यामुळे काही जण ती हलक्यात घेतात. तसं करू नका. नापास झाल्याची नोंद निकालपत्रावर कायम राहते आणि कित्येक प्रोग्राम पहिल्या प्रयत्नात पास न झालेल्यांचे अर्ज बाजूलाच ठेवतात. प्रत्येक स्टेपला आता जास्तीत जास्त ४ प्रयत्न मिळतात, पण चाराचा हिशोब करत बसायची वेळ येऊ नये.

आपल्याकडे ही परीक्षा द्यायच्या दोन सोयीच्या वेळा आहेत. एक, पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी ताजं असताना, म्हणजे सेकंड एमबीबीएस संपल्यानंतरच्या वर्षात. दुसरी, इंटर्नशिपच्या सुरुवातीला. माझं मत पहिल्या वेळेकडे झुकतं. त्याचं मुख्य कारण पत्रं आहेत, ते पुढे येईल. इंटर्नशिपमध्ये अभ्यास करायचा असेल तर पोस्टिंगचा क्रम आधी पाहून घ्या. मेडिसिन, सर्जरी, प्रसूतीच्या पोस्टिंगमध्ये नाइट ड्युट्या माणसाला पिळून काढतात. कम्युनिटी मेडिसिनच्या आठवड्यांत संध्याकाळ हाताशी लागते.

परीक्षेचा अर्ज करताना तीन महिन्यांची मुदत निवडावी लागते आणि त्यातलीच तारीख प्रोमेट्रिक केंद्रावर घ्यायची असते. सोयीच्या केंद्रांवरच्या तारखा पटापट जातात, म्हणून परमिट हातात आलं की त्याच आठवड्यात तारीख धरून टाका. पुढे ढकलायची वेळ आली तर जितकं आधी कराल तितका खर्च कमी.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण ती मराठी मुलांना हमखास नडते: नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. कधी आईचंही असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. मुलीचं मधल्या काळात लग्न झालं तर आणखी वेगळं. परीक्षेच्या परमिटवरचं नाव आणि केंद्रावर दाखवायच्या पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. परीक्षेच्या नोंदणीचं खातं उघडण्याआधी पासपोर्ट आणि विद्यापीठाची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहा. दुरुस्ती लागणार असेल तर ती अभ्यास सुरू करण्याआधी लावून द्या, ॲफिडेव्हिट, गॅझेट, जे लागेल ते. या कामाला महिने जातात.

स्टेप टू सीके (क्लिनिकल नॉलेज): जूनमध्ये द्या

स्टेप वनचा आकडा गेल्यापासून प्रोग्रामच्या हातात उरलेला एकमेव मोठा आकडा हा. पास होण्यासाठी १ जुलै २०२५ पासून २१८ लागतात, पण आपला प्रश्न पास होण्याचा नाही, चांगल्या आकड्याचा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदा पास झालात की जास्त गुणांसाठी ती परीक्षा पुन्हा देता येत नाही. जो आकडा आला तो आयुष्यभराचा.

निकाल साधारण दोन ते चार आठवड्यांत येतो. पण उन्हाळ्यात प्रश्नसंच बदलतात तेव्हा तो याहून लांबू शकतो. म्हणून मी जून सांगते. फार तर जुलैचा मध्य. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यानंतरची तारीख म्हणजे निकाल वेळेवर येईल या आशेवर वर्षभराची मेहनत टांगून ठेवणं आहे. शिवाय ऑगस्टमध्ये पर्सनल स्टेटमेंट, अर्जातले अनुभव, पत्रांची आठवण देणं ही सगळी कामं एकदम अंगावर येतात. परीक्षेच्या आठवड्यात हे करणारा मुलगा दोन्हीकडे कमी पडतो.

तयारी झाली की नाही हे मनाला विचारू नका, सराव परीक्षांना विचारा. या परीक्षा तयार करणाऱ्या एनबीएमई संस्थेच्या सराव परीक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने द्या. शेवटच्या दोन परीक्षांत तुम्ही ठरवलेल्या आकड्याच्या आसपास असाल तर जा. नसाल तर? तेव्हा खरी परीक्षा असते, निर्णयाची. जूनच्या शेवटी सराव स्कोर फार खाली असेल तर मी एकच सांगते: हे वर्ष सोडा. घरचे नाराज होतील, बॅचमेट पुढे जातील. तरी सोडा. एक वर्ष उशिरा केलेला चांगल्या स्कोरचा अर्ज आणि कमी स्कोर घेऊन सलग तीन वर्षं केलेले अर्ज, यातलं पहिलं मी अनेकदा यशस्वी झालेलं पाहिलं आहे. मात्र मोकळं वर्ष रिकामं दिसता कामा नये. हाऊस ऑफिसरची नोकरी, संशोधन, काहीतरी प्रत्यक्ष काम हवं.

सरकारी कॉलेजातल्या मुलांनी या वर्षांच्या हिशोबात बॉन्डचं, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्षही धरायचं. ते करणार की दंड भरणार, हे इंटर्नशिप संपण्याआधी घरी बसून ठरवा. बॉन्डमधला ग्रामीण रुग्णालयातला अनुभव अर्जात नीट लिहिला तर उत्तम दिसतो, त्याला वाया गेलेलं वर्ष समजू नका.

पत्रं: सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो

परीक्षेची तारीख आपल्या हातात असते. पत्राची तारीख दुसऱ्याच्या. त्यामुळे वेळापत्रक आखताना आधी पत्रांची जागा ठरवा आणि परीक्षा त्यांच्याभोवती बसवा. बहुतेक जण याच्या उलट करतात, मीही तेच केलं.

एका प्रोग्रामला जास्तीत जास्त ४ पत्रं जोडता येतात. त्यातली तीन तुमचं अमेरिकेतलं काम पाहिलेल्या डॉक्टरांची आणि त्याच शाखेतली असावीत. चौथं तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या आपल्याकडच्या प्राध्यापकांचं असलं तरी चालतं. मोठ्या नावाच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाचं पत्र वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं. "हा विद्यार्थी मेहनती व प्रामाणिक आहे" या वाक्याने कुणाचंही भलं होत नाही. "रात्री दाखल झालेल्या पेशंटचं पोटॅशियम हिने सकाळच्या राउंडआधी स्वतः पाहिलं आणि औषध थांबवायला सुचवलं" अशा एका वाक्याने होतं.

असं वाक्य लिहायला त्या डॉक्टरला तुमच्याबरोबर निदान चार आठवडे लागतात. म्हणून दोन दोन आठवड्यांची चार ठिकाणं घेण्यापेक्षा चार चार आठवड्यांची दोन-तीन घ्या. तुम्ही अजून विद्यार्थी असाल तर 'इलेक्टिव्ह' मिळू शकतं, जिथे पेशंटला हात लावता येतो, हिस्टरी घेता येते, केस मांडता येते. पदवी झाल्यावर बहुतेक ठिकाणी फक्त 'ऑब्झर्व्हरशिप' मिळते, म्हणजे पाहायचं. पत्राच्या वजनात हा फरक मोठा आहे, आणि अनेक इलेक्टिव्हना स्टेप वन पास असण्याची अट असते. स्टेप वन लवकर द्या असं मी वर म्हटलं ते यासाठी.

इंटर्नशिपमध्ये मात्र जपून. वर्षभरात रजा १५ दिवसांची. महिनाभर अमेरिकेला गेलात तर तेवढी इंटर्नशिप वाढते, आणि वाढलेली इंटर्नशिप डिग्रीच्या कागदांवर परिणाम करते. कॉलेजची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तिकीट काढू नका.

रोटेशन, म्हणजे हे इलेक्टिव्ह किंवा ऑब्झर्व्हरशिपचे आठवडे, कधी? अर्जाच्या वर्षातला मार्च ते जुलै हा काळ उत्तम, कारण पत्र ताजं असतं. त्यासाठी अर्ज मात्र आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून पाठवावे लागतात. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मुंबईत कधी मिळेल याचा भरवसा नसतो. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे बंदच होत्या. तेव्हा स्वीकृतीपत्र मिळालं की त्याच दिवशी व्हिसाच्या मागे लागा. पैसे घेऊन रोटेशन लावून देणाऱ्या संस्थाही खूप आहेत. त्यांच्याकडे जायचं असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: काम ओपीडीत आहे की वॉर्डात, तिथे रेसिडेन्सी प्रोग्राम आहे का, आणि पत्र हॉस्पिटलच्या लेटरहेडवर मिळतं की खासगी क्लिनिकच्या.

आता मागायचं कसं. आपल्याकडे सरांकडे पत्र मागणं म्हणजे केबिनबाहेर तासभर उभं राहणं, आणि बऱ्याचदा "तूच लिहून आण, मी सही करतो" हे ऐकणं. तिथे तसं चालत नाही. पत्र डॉक्टरांनी स्वतः लिहून पोर्टलवर स्वतः टाकायचं असतं आणि ते वाचण्याचा हक्क आपण सोडून दिलेला बरा. हक्क राखून ठेवलेल्या पत्रावर प्रोग्रामचा फारसा विश्वास बसत नाही. आपल्या सरांकडून पत्र घेतानाही हाच नियम पाळा. मसुदा लिहून द्यायचा मोह टाळा आणि त्याऐवजी तुम्ही त्यांच्या युनिटमध्ये काय काय केलंत याची एक पानाची टिपणी द्या.

रोटेशनच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या डॉक्टरांना विचारा, "माझ्या कामात काय सुधारू?" त्याने दोन गोष्टी होतात. काम खरंच सुधारतं, आणि त्या डॉक्टरच्या डोळ्यांत तुम्ही येता. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला, शेवटच्या दिवशी नव्हे, समोर बसून विचारा: "मी इंटर्नल मेडिसिनसाठी अर्ज करते आहे. तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?" 'भक्कम' हा शब्द गाळू नका. आपल्याला असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं, पण तिथे ते साधं आणि अपेक्षित आहे. ते घुटमळले तर आभार मानून विषय सोडून द्या, कारण कोमट पत्र अर्जात नसलेलंच बरं. हो म्हणाले तर त्याच संध्याकाळी ईमेल करा. त्यात तुमचा सीव्ही, पर्सनल स्टेटमेंटचा कच्चा मसुदा, एकत्र पाहिलेल्या दोन-तीन पेशंटची ओळख न देता आठवण, आणि पत्र कधीपर्यंत हवं ती तारीख. इरासचा मोसम जूनच्या सुरुवातीला उघडतो. त्यानंतर पत्राची विनंती तयार करून तो फॉर्म पाठवता येतो. रोटेशन मार्चमध्ये झालं असेल तर तेव्हाच पत्र लिहून ठेवायला सांगा आणि जूनमध्ये फॉर्म पाठवा.

तारीख ३१ ऑगस्ट द्या, सप्टेंबर कधीच नको. माझं काय झालं ते सांगते. माझं सगळ्यात चांगलं रोटेशन जुलैत संपलं. शेवटच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मी पत्र मागितलं, ते आनंदाने हो म्हणाले. मी परत आले, अभ्यासाला लागले आणि फॉर्म पाठवला ऑगस्टच्या मध्यावर. ते तेव्हा सुटीवर होते, परत आल्यावर वॉर्डाची ड्युटी लागली. मला वारंवार आठवण करायला संकोच वाटत राहिला. पत्र आलं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पुढे एका इंटरव्ह्यूत मला सांगितलं गेलं की तुझ्या फाइलमधलं ते पत्र सर्वांत बोलकं आहे. पण ज्यांनी सप्टेंबरमध्ये माझा अर्ज बाजूला ठेवला त्यांनी ते वाचलंच नव्हतं. या गोष्टीची हळहळ मला अजून आहे. म्हणून दर दोन आठवड्यांनी दोन ओळींची नम्र आठवण पाठवा. त्याने कुणी रागावत नाही.

तरीही एखादं पत्र मागे राहिलंच, तर अर्ज अडवून ठेवू नका. तीन पत्रांवर अर्ज पाठवा आणि चौथी जागा मोकळी ठेवा. एकदा पाठवलेलं पत्र काढून घेता येत नाही, पण मोकळ्या जागेत नवं नंतर जोडता येतं. ती जागा साध्या पत्राने भरून टाकलीत तर चांगल्याला दार उरत नाही.

मधली कागदपत्रं आणि ओईटी

पूर्वी स्टेप टू सीएस नावाची प्रत्यक्ष परीक्षा अमेरिकेत जाऊन द्यावी लागे. ती जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी परदेशी पदवीधरांना प्रमाणपत्र देणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचे 'पाथवे' (पात्रता दाखवायचे मार्ग) आणि ओईटी ही वैद्यकीय इंग्रजीची परीक्षा आली. ओईटी मेडिसिनमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यात ३५० आणि लेखनात ३०० लागतात, तेही एकाच बैठकीत. इंग्रजी चांगलं असूनही बोलण्याच्या भागात मुलं अडखळतात, कारण पेशंटशी समजूतदारपणे बोलणं तपासतात आणि आपल्याला घाईच्या ओपीडीची सवय असते. ही परीक्षा स्टेप टूनंतर, जुलै-ऑगस्टमध्ये देऊन टाका. फार वर्षं आधी देऊ नका, पाथवेसाठी ठरलेल्या तारखेनंतरचाच निकाल धरतात. पाथवेचा अर्ज साधारण ३१ जानेवारीपर्यंत करता येतो, पण कॉलेजने पोर्टलवर पडताळणी करायची असते. डीन ऑफिसमधली व्यक्ती बदलली की ते काम आठवडेच्या आठवडे पडून राहतं. कायम नोंदणी झालेल्या आणि प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरांसाठी पाथवे १ आहे, त्यात वेगळे कागद लागतात.

डीनचं पत्र, म्हणजे एमएसपीई, आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट ही कामं मे महिन्यातच सुरू करा. एमएसपीईचा नमुना अनेक कॉलेजांना ठाऊक नसतो. मागच्या बॅचच्या कुणाकडून त्याची रचना मिळवून ऑफिसात नेऊन दाखवा.

स्टेप थ्री द्यावी का?

ती फक्त अमेरिकेत आणि तिच्या प्रदेशांत होते, दोन दिवसांची असते, आणि त्याआधी ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र हातात लागतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर रेसिडेन्सी करायची तर ती आवश्यक. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली गेली. त्यामुळे तुमच्या यादीतले प्रोग्राम एच-१बी देतात का हे प्रत्येकाच्या पानावर पाहिल्याशिवाय स्टेप थ्रीवर वेळ आणि पैसा घालू नका. बहुतेकांचा मार्ग जे-१ या एक्स्चेंज व्हिसाचा आहे. त्याला स्टेप थ्री लागत नाही, भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' लागतं आणि ते मॅचनंतर लगेच मागावं लागतं.

एक उदाहरण

समजा जुलै २०२८ मध्ये सुरुवात करायची आहे. मग मॅच मार्च २०२८, अर्ज सप्टेंबर २०२७. स्टेप टू जून २०२७. रोटेशन मार्च ते मे २०२७, म्हणजे अभ्यासाची घोडदौड त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत. त्यामुळे पहिली फेरी रोटेशनला निघण्याआधीच पूर्ण हवी. व्हिसा जानेवारी २०२७ पर्यंत हातात. रोटेशनचे अर्ज ऑगस्ट २०२६ पासून. त्या अर्जांत स्टेप वन पास दाखवायची असेल तर ती जुलै २०२६ पर्यंत. रोटेशन आणि स्टेप टू असं लागोपाठ झेपणार नाही असं वाटणाऱ्यांनी स्टेप टू आधी, फेब्रुवारी २०२७ मध्ये द्यावी आणि रोटेशन एप्रिल ते जुलै ठेवावं. मला आज निवडायचं असतं तर मी हेच केलं असतं. हातात स्कोर असलेला माणूस वॉर्डात जास्त निवांतपणे शिकतो आणि डॉक्टरांनाही त्याच्याबद्दल ठामपणे लिहिता येतं.

अर्ज गेल्यावर नवा निकाल आला तर निकालपत्र इरासमधून पुन्हा पाठवावं लागतं, ते आपोआप जात नाही. आणि मार्चमधल्या त्या शुक्रवारी, निकाल कसाही लागो, पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतः कळवा, आपल्याकडच्या सरांनाही. पुढच्या वर्षी त्यांच्या दारात आपल्याच कॉलेजचं कुणीतरी उभं असणार आहे.